मार्डेल बोट उतरवते

मार्डेल ओस्टबीला हट्टी म्हणणाऱ्यांची आमच्या एल्विंग गावात कमी नाही, आणि त्यातले निम्मे तिच्याच हातचं जेवून मोठे झालेत. शाळेचं स्वयंपाकघर तिने निवृत्त होईपर्यंत चालवलं. ताटात वाटाणे ठेवून उठायची एकाही पोराची छाती होत नसे. आता तीच पोरं बँकेत नाहीतर विम्याच्या कचेरीत बसतात आणि म्हणतात, बाईंचं वय झालं, कुणाचं ऐकत नाहीत. अरे, ती तुमचं तेव्हा तरी कधी ऐकत होती?

मी तिची शेजारीण. माझा नवरा इथल्या टर्कीच्या कारखान्यात इंजिनीअर म्हणून आला आणि आम्ही मिनेसोटाच्या या थंडीत कायमचे रुतलो. पहिल्या हिवाळ्यात माझ्या दारातला बर्फ उपसायला कुणी आलं असेल तर ती मार्डेल. आली, बर्फ काढला, आणि मला म्हणाली, "शैला, उद्यापासून तू काढायचा. आज दाखवला." तेव्हापासून आमचं जमलं.

तिचा नवरा ऑरिन वीजकंपनीत होता, खांबावर चढून तारा ओढायचा. माणूस भला, पण बोलायला महाग. सगळ्या वर्षाचं बोलणं तो मे महिन्यातल्या एका शनिवारासाठी राखून ठेवायचा. मासेमारीचा मोसम उघडतो तो दिवस. त्या सकाळी सगळं गाव आपापल्या बोटी ट्रेलरवर घालून टॅमरॅक तळ्याच्या उतारावर रांग लावतं. पुरुष गाडी मागे मागे घेत ट्रेलर पाण्यात नेतात आणि बायका धक्क्यावर दोरी धरून उभ्या राहतात. असं कुठे लिहिलेलं नाही, पण दुसरं काही मी कधी पाहिलंही नव्हतं. ऑरिन गाडीच्या खिडकीतून ओरडायचा, "दोरी ओढ! अगं तिकडे नाही, इकडे." मार्डेल दात आवळून दोरी ओढायची. लग्न झाल्यापासून दर मोसमाला.

मागच्या ऑक्टोबरात अंगणातली पानं गोळा करता करता ऑरिन खाली बसला आणि उठलाच नाही. अर्धांगवायू. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. समजतं सगळं, पण तोंडातून शब्द फुटत नाही. नको असेल तेव्हा डाव्या हाताने जवळ जे असेल त्यावर थाप मारतो. टेबलावर, खुर्चीच्या दांड्यावर, माझ्या स्वेटरवरसुद्धा मारलीय.

मार्डेल इस्पितळात त्याच्या उशाशी होती तेव्हा मुलगा केंट आईला मदत करायला म्हणून आला आणि मदतीच्या भरात ऑरिनची जुनी पिकअप विकून गेला. न विचारता. मग बोटीसाठीही गिऱ्हाईक बघून ठेवलं. नाताळात सगळे जमले तेव्हा त्याने तो विषय काढला. मी केळ्याचा केक घेऊन गेले होते, म्हणून हे सगळं माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

"बाबा," केंटने खुर्चीशी वाकून विचारलं, "बोट ठेवायचीय का?"

ऑरिनने टेबलावर थाप मारली.

"बघ आई. नको म्हणतायत."

मार्डेल स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "ऑरिन, बोट विकायचीय का?"

पुन्हा थाप.

"आता?" केंटच्या चेहऱ्यावरचं हसू जरा उतरलं.

"थांब, अजून एक विचारते. ऑरिन, केंटला खिडकीतून बाहेर फेकू का?"

तिसरी थाप.

"बघ," मार्डेल म्हणाली, "माया आहे अजून तुझ्यावर. चला, ओव्हनमधून काढलेली हॉटडिश गार होतेय."

त्या दिवसापासून मुलांनी दोन्ही बाजूंनी तिचं डोकं खायला घेतलं. केंटचं म्हणणं, आता एक छोटी, बसकी गाडी घे, बाबांना चढायला सोपी. मिनियापोलिसची लेक जोलीन म्हणायची, "आई, तुम्ही दोघं आमच्याकडेच येऊन राहा ना उन्हाळ्यात. कशाला ती बोट न् बीट?" म्हणजे पोरांनी आपलं ठरवलं होतं की तळं संपलं, जुलैतली सगळ्यांची सहल संपली, आता आईबाप उरले ते डॉक्टरांच्या वेळा सांभाळायला. मार्डेल त्यांना भीक घालत नव्हती. तिला मोठी गाडी हवी होती. बोट ओढणारी, आणि ऑरिन, जोलीनचे पाच जण, कुत्रा नि चाकाची खुर्ची, सगळ्यांना पोटात घेणारी.

"अगं, पण ऑरिनला चढवणार कशी त्या उंच गाडीत?" मी विचारलं. मीही तेव्हा मुलांच्याच बाजूने बोलत होते, उगाच लपवत नाही.

"चाळीस लिटरचं सूपचं पातेलं चढवायचे मी शेगडीवर. ऑरिन त्याहून कमी सांडतो."

एप्रिलमध्ये आम्ही गाड्यांच्या दुकानात गेलो. अंगणाच्या कोपऱ्यात काळ्या पडलेल्या बर्फाचा ढीग अजून शिल्लक होता. विक्रेता कर्टिस, तोही मार्डेलच्या वाटाण्यांवर वाढलेला. तो हसत आला आणि सरळ केंटशी बोलायला लागला. इंजिन असं, गिअर तसे, ओढायची ताकद एवढी. मार्डेलकडे वळून म्हणाला, "आणि मॅडम, रंग कुठला आवडेल?"

"कर्टिस, गाडी केंट घेतोय का?"

"नाही, म्हणजे..."

"मग त्याला कशाला सांगतोयस? तो इथे फक्त कॉफी प्यायला आलाय. आणि ताकदीचा आकडा मला नको सांगू. कागदावर सगळ्याच गाड्या पैलवान असतात."

तिने जे केलं ते त्या दुकानाने आजवर पाहिलं नसेल. जोलीनचं सगळं कुटुंब तिने त्या दिवशी मुद्दाम बोलावून घेतलं होतं. केंटच्या पिकअपला जोडून बोटही आणवली होती. केंट छोटीवरून आता मधल्या आकाराच्या गाडीवर आला होता ना, तर आधी तीच पुढे घ्यायला लावली. तिच्यात जोलीन, जावई, तीन पोरं, ओला कुत्रा, बर्फाची पेटी, सगळं कोंबलं. मग म्हणाली, "आता बोट जोड."

कर्टिसने ट्रेलरचा दांडा गाडीच्या मागच्या गोळ्यावर ठेवला आणि गाडीचं बूड खाली बसलं. नाक वर. दिवे समोरच्या झाडाच्या शेंड्याकडे बघायला लागले. आतून धाकटी नात ओरडली, "आजी, आम्ही उडतोय का?"

"केंट," मार्डेल म्हणाली, "ह्या गाडीत बसून तू तुझ्या बाबांना महामार्गावर नेणार होतास?"

केंट कॉफीच्या कपात काहीतरी शोधत राहिला.

मग मोठी आली. गडद हिरवी, तीन रांगांची, शाळेच्या बसची धाकटी बहीण म्हणावी अशी. हे सगळं सामान, ही सगळी माणसं, शिवाय मागे बोट. ती जराशी बसली आणि तशीच उभी राहिली. मार्डेल तिच्याभोवती एक चक्कर मारून आली, मागच्या चाकावर हात ठेवला, आणि इतका वेळ खुर्चीत बाजूला बसलेल्या ऑरिनला दाराशी आणलं. त्याने चढायच्या आधीच दाराच्या पत्र्यावर थाप मारली. जोरात.

"बाबांना नकोय, आई," जोलीन कळवळून म्हणाली.

"त्यांना वाटाणेपण नको असतात." मार्डेलने खाली लाकडी पायरी सरकवली, त्याच्या कमरेचा पट्टा धरला, "एक, दोन" केलं, आणि तिसऱ्याला ऑरिन पुढच्या सीटवर होता. चेहरा लालभडक. शेजारची दोन गिऱ्हाइकं आपापल्या गाड्या बघायचं विसरून हेच बघत होती. ऑरिनने मान फिरवली. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की त्याला गाडीचा राग नाही, लोकांनी बघण्याचा आहे. गाडी त्याच दिवशी घरी आली.

आता राहिलं ते मागे घेणं. ट्रेलर लावलेली गाडी मागे घेताना सगळं उलटं चालतं. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे जातो, आणि जरा उशिरा सुधारायला गेलात की गाडी आणि ट्रेलर एकमेकांकडे तोंड करून कात्रीत अडकतात. मार्डेलने जन्मात हे केलं नव्हतं. रोज सकाळी ती चर्चच्या रिकाम्या अंगणात बोट घेऊन जायची आणि मी मागे उभी राहून हात हलवायचे. पहिल्या आठवड्यात तिने पाद्रीबाबांच्या पाट्यांपैकी एक आडवी केली. 'सर्वांचे स्वागत आहे' हीच नेमकी.

पाद्री बाहेर आले. भले गृहस्थ. पाटीकडे बघून म्हणाले, "काही हरकत नाही, मार्डेल. ऑरिनसाठी किती करतेस तू. देव बघतोय."

सगळं गाव हेच म्हणत होतं. ऑरिनसाठी किती करते. बिचारी, नवऱ्याला तळ्यावर न्यायला किती धडपडते. मार्डेल यावर फक्त गाडीची काच वर करायची. मी समजायचे की तिला संकोच वाटत असेल.

मोसम उघडायचा शनिवार आला. लख्ख ऊन, पण हवा अशी की टोप्या कानावर. उतारावर रांग. पुरुषमंडळी कॉफीचे थर्मास घेऊन कडेला उभी, म्हणजे दरवर्षीसारखीच, दुसऱ्याचा ट्रेलर कसा वाकडा जातो ते बघायला. आमच्याकडे कुणी भोंगा वाजवत नाही, कुणी हसत नाही. नुसते बघतात. त्यापेक्षा शिव्या परवडल्या.

हिरव्या गाडीत मार्डेल स्टिअरिंगवर, शेजारी ऑरिन, मागे मी. मार्डेलने मागे घ्यायला सुरुवात केली. ट्रेलर तिरका गेला. पुढे आली, पुन्हा घेतलं, पुन्हा तिरका, या वेळी अगदी कात्रीत. कडेच्या गर्दीतून एक जण पुढे आला, "मार्डेल, मी लावून देऊ का? दोन मिनिटांचं काम." ती म्हणाली, "नको, माझी दहा मिनिटं आहेत." तो मागे सरला. मग केंट आला. त्याची स्वतःची बोट रांगेत मागे होती, आणि त्याला आईपेक्षा गर्दीची जास्त लाज वाटत होती हे त्याच्या लाल झालेल्या कानांवरून दिसत होतं.

"आई, उतर. सगळे बघतायत."

"बघू दे. तिकीट नाही लावलेलं."

"अगं, पण कुणासाठी चाललंय हे? बाबांना इथे यायचंसुद्धा नव्हतं. त्यांच्याकडे बघ एकदा. तू बाबांसाठी म्हणून त्यांनाच छळतेयस."

मार्डेलने गाडी थांबवली, काच पूर्ण खाली केली, आणि असं बोलली की थर्मासवाल्यांनाही ऐकू जावं.

"बाबांसाठी कोण करतंय? मी माझ्यासाठी करतेय. एवढी वर्षं मी त्या धक्क्यावर दोरी धरून उभी राहिले, केंट. माझ्या आवडीची एक जागा नाही ह्या तळ्यात, सगळ्या त्याच्या. आता तो आजारी पडला म्हणून माझं तळं बंद? तुमची आई काय त्याची नर्स म्हणून जन्माला आली? मला पाण्यावर जायचंय. मला. आता बाजूला हो, नाहीतर पाय जाईल चाकाखाली."

केंट बाजूला झाला. मागच्या सीटवर मी खिडकीबाहेर बघत बसले. ऑरिनकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

तिने हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धरला, जसा चर्चच्या अंगणात शिकली होती, आणि ट्रेलर सरळ रेषेत मागे जायला लागला. सरळ. पाण्याच्या काठापर्यंत आला आणि ऑरिनने डॅशबोर्डवर थाप मारली. मग दुसरी. मग थापांवर थापा.

"ऐकलं," मार्डेल आरशातून नजर न काढता म्हणाली. "तुला नकोय. ऐकलं मी. आता गप्प बस जरा."

तो गप्प बसला नाही. पाण्यात चाकं जाईपर्यंत तो मारत राहिला, हाताचा तळवा लाल होईपर्यंत. तिने लक्ष दिलं नाही. मीही दिलं नाही. बोट मागून पाण्यात टेकली, मार्डेल उतरून मागे बोटीकडे गेली, आणि धक्क्यावरच्या एका माणसाने शांतपणे म्हटलं, "मार्डेल, बूच."

बोटीच्या बुडाला मागच्या बाजूने एक भोक असतं, आतलं पाणी निघून जायला. आमच्याकडे कायदा आहे, रस्त्यावर बोट न्यायची ती बूच काढूनच, म्हणजे एका तळ्याची घाण दुसऱ्यात जात नाही. पाण्यात घालण्याआधी बूच परत बसवायचं, आणि ते काम ऑरिनने आजवर कुणाला करू दिलं नव्हतं. मार्डेलच्या ते डोक्यातच आलं नाही. बोटीत बदाबदा पाणी शिरत होतं, मागचा भाग खाली जात होता.

ती पळत गाडीत आली. बोट अजून ट्रेलरच्या पट्ट्याला अडकवलेली होती, तेवढं नशीब. पाण्याने जड झालेलं ते धूड तिने ओल्या उतारावरून ओढून काढलं. हिरव्या गाडीने एक गुरगुर केली, चाकं जराही घसरली नाहीत, आणि आम्ही वर आलो. मागच्या भोकातून पाण्याची धार लागली. सगळी रांग ती धार संपायची वाट बघत उभी. एक जण म्हणाला, "होतं गं, सगळ्यांचं एकदा होतं."

"माझं पहिल्यांदाच होतंय," ती म्हणाली, "मला नीट होऊ दे."

मग ती गाडीला वळसा घालून ऑरिनच्या दाराशी गेली आणि दार उघडलं. तो समोर बघत होता. गालावरून पाणी चाललं होतं आणि ते पुसायलाही त्याने हात उचलला नव्हता.

"तू बुचाचं सांगत होतास," मार्डेल म्हणाली.

त्याने मान दुसरीकडे वळवली.

"सांगत होतास, आणि मी ऐकलं नाही. केंटला नाताळात शहाणपण शिकवलं मी, आणि आज मीच त्याच्यासारखी वागले. चुकलं माझं." तिचा आवाज जराही मऊ झाला नव्हता. "पण ट्रेलर सरळ गेला होता. ते तूही बघितलंस. त्याचाच राग आलाय तुला. तुझ्यावाचून सरळ गेला म्हणून. आणि मी माझ्यासाठी आले म्हणाले, त्याचाही. येऊ दे राग. मलाही खूप वर्षं आला, दोरी धरून. मी जाणारच आहे, ऑरिन. तू इथे गाडीत बसलास तरी जाणार. यायचं असेल तर तुझा राग घेऊन ये, बोटीत जागा आहे त्याला."

ऑरिनने तिच्याकडे बघितलं. हिवाळाभर सगळे त्याच्याशी तान्ह्या बाळाशी बोलावं तसं बोलत होते, मीसुद्धा. असं भांडून कुणी बोललं नव्हतं. त्याने डावा हात पुढे केला, समोरचा कप्पा उघडला, चाचपडत पितळी बूच बाहेर काढलं, ते त्याने तिथे कधी ठेवलं होतं कुणास ठाऊक, आणि मुठीत धरलं. तिने घ्यायला हात केला तर मूठ मिटून घेतली.

"बरं," ती म्हणाली, "तू लाव."

खुर्ची काढली, त्याला उतरवलं, बोटीच्या मागे नेलं. डाव्या हाताने बूच बसवायला त्याला फार वेळ लागला. दोनदा पडलं, दोनदा मार्डेलने उचलून त्याच्या हातात दिलं आणि स्वतः हात लावला नाही. पिळून झाल्यावर त्याने ते अंगठ्याने दाबून बघितलं आणि खुर्चीत मागे टेकला.

मार्डेलने पुन्हा गाडी मागे घेतली. एका दमात गेली असं मी खोटं सांगणार नाही, एकदा पुढे यावं लागलंच. पण बोट तरंगली. ती गाडी वर लावून येईपर्यंत धक्क्यावर दोरी केंटने धरली होती. त्याला कुणी धरायला सांगितली नव्हती. मग त्याने बाबांचे पाय उचलले, मार्डेलने काखेत हात घातले, आणि ऑरिन बोटीत बसला. गाव बघत होतं. या वेळी त्याने मान फिरवली नाही.

मी मागच्या बाकावर. इंजिन सुरू करून मार्डेल सुकाणूशी बसली आणि आम्ही धक्क्यापासून सुटलो. ऑरिनने पश्चिमेच्या लव्हाळ्याकडे हाताने खूण केली, जिथे तो जन्मभर गळ टाकून बसायचा. मार्डेलने खूण बघितली. मी तिला बघताना पाहिलं. तिने सुकाणू उलट्या बाजूला फिरवलं, पूर्वेच्या बेटाकडे, जिथे मासे नसतात असं ऑरिन सगळ्यांना सांगत आला होता.

ऑरिनने बोटीच्या काठावर थाप मारली.

"ऐकलं," मार्डेल म्हणाली, त्याच्याकडे वळून, नीट बघून. आणि वेग वाढवला.